आपल्या गावात कॉलेज कधी येणार? अकरावी-बारावी आणि पदवी शिक्षणाच्या सरकारी नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झालो, तरी दहावीचा निकाल लागला की ओसरीवर गर्दी होतेच. कास्तकार येतात, अंगणवाडी ताई येतात, सरपंच येतात. पेरणीचं बियाणं आणि पोरांचं ॲडमिशन एकाच पंधरवड्यात येतं, त्यामुळे प्रश्नही घाईचे असतात. दरवर्षी तेच ते विचारलं जातं म्हणून या वेळी लिहूनच काढलं.

गावात अकरावी-बारावी किंवा पदवीचं कॉलेज काढायचं, हे ठरवतं कोण?

एकच कोणी ठरवत नाही, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. अकरावी-बारावी शालेय शिक्षण विभागाकडे आहे. आपल्या विदर्भासाठी त्यांचे शिक्षण उपसंचालक नागपूर आणि अमरावती इथे बसतात. पदवीचं कॉलेज उच्च व तंत्रशिक्षण विभागाचं आणि त्याचा प्रस्ताव विद्यापीठामार्फत जातो. आयटीआय कौशल्य विकास खात्याकडे, डॉक्टरकी वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. आश्रमशाळेला जोडलेली अकरावी असेल तर आदिवासी विकास विभागाचा प्रकल्प कार्यालयवाला साहेब.

आमच्या भागातले एक सरपंच बी.ए.च्या कॉलेजचं निवेदन घेऊन जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे तीन खेपा घालून आले. तिथे दर वेळी पोच मिळाली, शिक्का मिळाला. कागद चुकीच्या दारात आहे, एवढं मात्र कोणी सांगितलं नाही.

आपला जिल्हा कोणत्या विद्यापीठात येतो?

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात (स्थापना १९८३). नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात (१९२३). चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठात. हे तिसरं विद्यापीठ २०११ साली गडचिरोलीत झालं. त्याआधी सिरोंच्याच्या पोराला मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायलासुद्धा नागपूर गाठावं लागायचं. आताही सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात आहेच, पण निदान रात्रीचा मुक्काम वाचण्याची शक्यता असते.

‘बृहत् आराखडा’ म्हणजे काय? सगळे त्याचंच नाव घेतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांसाठी एक आराखडा करावा लागतो. आपल्या हद्दीत नवं कॉलेज कुठे हवं, कोणत्या शाखेचं हवं, कुठे आहे तेवढं पुरेसं आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. सध्या २०२४-२५ ते २०२८-२९ चा आराखडा चालू आहे. विद्यापीठाचं अधिष्ठाता मंडळ तो तयार करतं. मग विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद, अधिसभा असा तो फिरतो आणि महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाकडे मान्यतेला जातो. त्यावरून दरवर्षीचा वार्षिक आराखडा निघतो.

आराखड्यात जिथे कॉलेज हवं म्हणून नोंद असते, त्याला कचेरीच्या भाषेत ‘बिंदू’ म्हणतात. ‘आमच्या तालुक्यात विज्ञानाचा बिंदू आहे का?’ असं विचारलंत तर समोरचा कारकून खुर्चीत सरळ बसतो. आराखड्यात बिंदूच नसेल तर नव्या कॉलेजच्या अर्जाचा विचार होत नाही. कायद्यात एक वाक्य आपल्या कामाचं आहे: आराखडा करताना सुविधा नसलेल्या आणि अविकसित भागांच्या गरजा लक्षात घ्यायच्या. अर्ज लिहिताना हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घाला.

ग्रामसभेनं ठराव केला तर कॉलेज मिळेल का?

नुसत्या ठरावानं नाही मिळत. तरी ठराव करा, कारण आराखडा पुन्हा होईल तेव्हा मागणीचा पुरावा लागतो. ठरावात ‘कॉलेज पाहिजे’ एवढंच लिहून थांबू नका. आजूबाजूच्या किती शाळांतून दहावी-बारावीची किती मुलं निघतात, सगळ्यात जवळचं कॉलेज किती किलोमीटरवर आहे, तिथे कोणती शाखा नाही, शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे सगळं लिहा. मी पाहिलेल्या बहुतेक ठरावांत मान्यवरांची नावं असतात आणि आकडा एकही नसतो.

आराखड्यात बिंदू आला. आता पुढच्या जूनमध्ये कॉलेज सुरू?

बिंदू म्हणजे फक्त परवानगीची शक्यता. त्यावर कॉलेज काढायला एखादी संस्था पुढे यावी लागते. ती आधीच्या वर्षीच विद्यापीठाकडे अर्ज करते, विद्यापीठ छाननी करून शिफारशीसह शासनाकडे पाठवतं, शासन इरादापत्र, म्हणजे तत्त्वतः होकार, देतं. मग जागा, खोल्या, ग्रंथालय, प्रयोगशाळा या अटी पुऱ्या करायच्या, पाहणी समिती येते, आणि सगळं जुळलं तर अंतिम मान्यता. शेवटचा शब्द शासनाचा.

आता यातली मेख. २००१ नंतर कला-वाणिज्य-विज्ञानाच्या नव्या कॉलेजांना परवानगी मिळत आली ती बहुतेक कायम विनाअनुदान तत्त्वावर. म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देणार नाही, संस्थेनं फीमधून भागवायचा. जिथे पालक फी देऊ शकतात तिथे संस्था धावत येते. जिवती, भामरागड, धारणी अशा दुर्गम तालुक्यांत कोण येणार? बिंदू कागदावर ठेवणं सरकारला सोपं आहे. तो भरला जाईल की नाही, हे मात्र सरकारनं संस्थांच्या हिशेबावर सोडलं आहे. मला विचाराल तर या सगळ्या नियोजनातलं सगळ्यात मोठं भोक हेच आहे.

अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित. पालक म्हणून मला यात काय पाहायचं?

दोनच गोष्टी: फी किती आणि शिक्षक टिकतो का. अनुदानितमध्ये पगार सरकार देतं, फी कमी असते. अंशतः अनुदानितमध्ये वीस, चाळीस, साठ अशा टप्प्यांनी अनुदान वाढतं आणि त्या प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षकांना मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागतं. विनाअनुदानितमध्ये पगार संस्थेच्या मर्जीवर. स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे २०१२ च्या वेगळ्या कायद्याखाली उघडलेली शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय. तिथे सरकारी अनुदानाचा प्रश्नच नाही.

आणि हो, एकाच इमारतीत कला शाखा अनुदानित आणि विज्ञान शाखा विनाअनुदानित असू शकते. आपल्याकडे हे सर्रास आहे. म्हणून ‘कॉलेज अनुदानित आहे ना?’ असं विचारू नका, ‘माझ्या पोराची तुकडी अनुदानित आहे का?’ असं विचारा.

राज्यात अकरावीच्या जागा रिकाम्या राहतात म्हणे. मग आणखी कॉलेज कशाला हवीत?

हा प्रश्न साहेब लोकही विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आकडा खरा आहे. २०२५-२६ साली पहिल्यांदाच संपूर्ण राज्यातली अकरावी एका ऑनलाइन प्रक्रियेत आली, तेव्हा नऊ हजारांवर कनिष्ठ महाविद्यालयांत मिळून सुमारे २१ लाख जागा असल्याचं दिसलं. नोंदणी करणारी मुलं त्याहून कित्येक लाखांनी कमी होती. मुंबईत बसून हा तक्ता पाहिला की वाटणारच, जागा भरपूर आहेत, नवीन काही नको.

पण जागा म्हणजे काय पोत्यातलं धान्य नाही, एका गोदामातून उचललं आणि दुसऱ्यात टाकलं. आमच्या तालुक्यात कला शाखेच्या जागा रिकाम्या आणि त्याच तालुक्यातली पोरगी विज्ञानासाठी वणीला खोली करून राहते, हे दोन्ही एकाच वर्षी घडतं. रिकामी जागा एका शाखेत, एका गावात, एका फीच्या दरानं रिकामी असते. पोराला हवी ती शाखा त्याच्या एसटीच्या अंतरावर, बापाला झेपेल त्या फीत आहे का, असं मोजलं तर तुटवडा दिसतो. तालुक्याची बेरीज केली की तो गायब होतो.

दुसरं म्हणजे, भरलेली जागाही दर वेळी भरलेली नसते. विज्ञानाच्या कितीतरी तुकड्या खेड्यात कागदावर भरतात आणि मुलं अकोला, नागपूर, लातूर नाहीतर राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासमध्ये बसलेली असतात. ‘टाय-अप’ म्हणतात त्याला. कॉलेजला पटसंख्या मिळते, क्लासला फी मिळते. वर्गात ज्याला क्लास परवडत नाही तोच बसतो आणि त्याच्यासाठी प्रॅक्टिकल कोणी लावत नाही. २०१८ मध्ये सरकारनं विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. मशीन आलं, काही दिवस अंगठे लागले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

ऑनलाइन अकरावी खेड्यात कशी भरायची? आधी तर नुसतं कॉलेजात जाऊन नाव टाकलं की झालं.

आपल्या विदर्भात आधी ही पद्धत नागपूर आणि अमरावती महापालिका क्षेत्रापुरती होती, आता सगळीकडे आहे. २०२५-२६ मध्ये नोंदणीचे शंभर रुपये आणि जास्तीत जास्त दहा पसंतिक्रम अशी रचना होती.

पसंतिक्रम नेट कॅफेवाल्याच्या हाती देऊ नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. गेल्या खेपेला एका मुलीचं पहिलंच नाव चुकून जिल्ह्याच्या ठिकाणचं पडलं. रोज ये-जा करायला बस नाही, होस्टेलला पैसे नाहीत, आणि घरापासून चार किलोमीटरवरचं कॉलेज यादीत पाचवं. अर्ज भरताना बापानं शेजारी बसून कॉलेजचं नाव आणि गाव मोठ्यानं वाचून घ्यावं. आपल्या हायस्कुलाला अकरावी जोडलेली असेल तर इनहाऊस कोट्यातल्या, म्हणजे त्याच शाळेच्या मुलांसाठी राखलेल्या, जागाही असतात, त्या आधी बघा.

मुलींसाठी एसटी फुकट आहे ना? मग बारावीनंतर पोरी घरी का बसतात?

कारण ती बस बारावीला थांबते.

मानव विकास कार्यक्रमात २२ जिल्ह्यांतले १२५ मागास तालुके आहेत आणि विदर्भातले बरेच तालुके त्यात येतात. त्या निळ्या बसगाड्या तुम्ही पाहिल्याच असतील. मुलींना गावातून शाळेत आणि परत गावात, बारावीपर्यंत मोफत. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पासही बारावीपर्यंतच. या गाड्यांनी जे केलं ते दहा भाषणांनी झालं नसतं. मी शिकवायला लागलो तेव्हा अकरावीच्या वर्गात मुलींचा एक बाक असायचा. निवृत्तीच्या वर्षी मुलांपेक्षा मुली जास्त होत्या.

बारावी झाली की पोरगी शालेय शिक्षण विभागाच्या वहीतून निघते आणि उच्च शिक्षणाच्या वहीत जाते. त्या मधल्या फटीत बस हरवते. पदवीच्या मुलीला मोफत पास नाही. विद्यार्थी म्हणून सवलतीचा मासिक पास आहे, त्यात ६६.६७ टक्के सूट मिळते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा आपण भरायचा. हे पैसे बरेचजण जमवतात. खरा घोळ वेळेचा. निळी बस शाळेच्या वेळेनं सुटते आणि शाळेच्या सुट्टीत बंद राहते. पदवीचं कॉलेज सकाळी साडेसातला भरत असेल आणि पहिली एसटी आठला सुटत असेल, तर त्या पोरीचा पहिला तास तीन वर्षं कायमचा बुडाला.

नियोजनाच्या कागदात कॉलेजचा बिंदू असतो, पण बसचा बिंदू कुठेच नसतो. माझं तर म्हणणं असं, की दहा नवी कॉलेजं काढण्याआधी तालुक्याच्या कॉलेजला जोडणाऱ्या दहा फेऱ्या सुरू करा आणि त्या पदवीच्या वेळापत्रकाशी जुळवा. आगार व्यवस्थापकाला असा अर्ज देता येतो. गावं, मुलींची संख्या आणि कॉलेजची वेळ लिहून, प्राचार्यांचं पत्र जोडून. आमच्याकडे अशा अर्जानं एक फेरी पाऊण तास अलीकडे आली. दोन वर्षं लागली, पण आली.

मुलींना उच्च शिक्षण पूर्ण मोफत झालं, हे खरं का?

अर्धं खरं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. आधी ही सूट निम्मी होती. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि अभिमत विद्यापीठं यात बसत नाहीत. एससी (अनुसूचित जाती) आणि एसटी (अनुसूचित जमाती) मुलींसाठी त्यांच्या शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपच्या (फी माफीच्या) योजना वेगळ्या आहेत.

होस्टेल, मेस, पुस्तकं यात नाहीत. त्यासाठी एससी विद्यार्थ्यांना स्वाधार, एसटीला स्वयम्, ओबीसीला आधार या योजना बघा. शिष्यवृत्ती आणि फी माफीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचे असतात. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.

‘जीईआर’ म्हणजे काय?

१८ ते २३ वयाच्या लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षणात किती जण आहेत, त्याचं शंभरामागचं प्रमाण. केंद्राच्या २०२१-२२ च्या पाहणीत देशाचं प्रमाण २८.४ आणि महाराष्ट्राचं ३५.३ होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं लक्ष्य २०३५ पर्यंत ५० टक्के. पुण्यात खोली करून शिकणारा आपला पोरगा पुण्याच्या आकड्यात वाढ करतो, हेही लक्षात ठेवा.

मागास जिल्ह्यांसाठी ‘मॉडेल कॉलेज’ निघालं होतं, ते आपल्याला का नाही?

विद्यापीठ अनुदान आयोगानं देशातले ३७४ जिल्हे उच्च शिक्षणात मागास ठरवले. २००१ च्या जनगणनेवरून ज्यांचं प्रमाण तेव्हाच्या राष्ट्रीय सरासरीच्या, म्हणजे १२.४ टक्क्यांच्या खाली होतं, ते. महाराष्ट्रातले सात त्यात आले, आणि विदर्भातले दोनच: बुलढाणा आणि गडचिरोली. दोन्हीकडे विद्यापीठाची आदर्श पदवी महाविद्यालयं झाली.

मग मेळघाट? धारणी आणि चिखलदरा तालुक्यांचा हा आदिवासी भाग अमरावती जिल्ह्यात आहे. अमरावती शहरात १९२३ पासून सरकारी कॉलेज आहे आणि पंजाबराव देशमुखांनी १९३२ ला शिवाजी शिक्षण संस्था काढली ती तिथेच. जिल्ह्याची सरासरी वर गेली, आणि धारणी-चिखलदरा त्या सरासरीखाली झाकले गेले. जिल्हा हे एकक धरलं की असं होतं. तालुका धरला असता तर यादी वेगळी निघाली असती.

वैदर्भीय अनुशेषाशी याचा काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. अनुशेष म्हणजे राज्याच्या तुलनेत विकासात राहिलेली तूट. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात व्यावसायिक आणि शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवेश मिळतील, असं आश्वासन होतं. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विदर्भासाठी विकास मंडळाची तरतूद आहे, आणि त्यात तांत्रिक शिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा नावानिशी उल्लेख आहे. मंडळ १९९४ ला आलं. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, आणि २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ते पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. १९८४ ची दांडेकर समिती, नंतरची निर्देशांक व अनुशेष समिती, २०१३ चा केळकर समितीचा अहवाल, अशी मोजणी बरीच झाली आहे. सिंचनाच्या अनुशेषावर सभा गाजतात; तंत्रशिक्षणाच्या अनुशेषावर मी एकही गाजलेली सभा ऐकली नाही.

मेडिकल कॉलेज तर जिल्ह्याजिल्ह्यात झाली की!

झाली, आणि ते चांगलंच झालं. चंद्रपूर, गोंदिया आधी. २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाली त्यातली पाच विदर्भात: अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा, गडचिरोली. पण तिथली वाट ‘नीट’ या प्रवेश परीक्षेतून जाते, ‘नीट’ची वाट अकरावीच्या भौतिकशास्त्रातून जाते, आणि तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राची जागा रिकामी असते. इमारत वरून बांधायला घेतली की असं होतं.

कॉलेज आहे, पण शिक्षकच नाहीत. तक्रार कुठे करायची?

आधी समजून घ्या, शिक्षक का नाहीत. अनुदानित पदवी कॉलेजात जागा रिकामी झाली की ती लगेच भरता येत नाही, शासनाची परवानगी लागते आणि ती वर्षानुवर्षं अडते. तोवर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, म्हणजे सीएचबी. नेट-सेट, पीएच.डी. झालेली माणसं तासावर शिकवतात, उन्हाळ्यात त्यांना काहीच मिळत नाही, आणि मानधन दिवाळीपर्यंत लांबतं. माझा एक विद्यार्थी असाच दोन कॉलेजांत मिळून शिकवायचा, दुपारी मोटरसायकलवर एका गावाहून दुसऱ्या गावाला. आता कापसाच्या हंगामात जिनिंगवर हिशेब लिहितो.

पदवी कॉलेजसाठी विभागीय उच्च शिक्षण सहसंचालक आणि विद्यापीठ, अकरावी-बारावीसाठी शिक्षण उपसंचालक. नुसती तक्रार करण्याआधी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका: मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती, कोणत्या विषयाची. हा एक कागद हाती असला की पुढचं बोलणं सोपं जातं.

जवळ काहीच नाही, आणि बाहेर पाठवणं शक्य नाही. काय करावं?

बारावी द्यायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. विज्ञानासाठी ही वाट फारशी कामाची नाही, पण कला-वाणिज्यासाठी आहे. पदवीसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. विभागीय केंद्रं नागपूर आणि अमरावतीला, अभ्यासकेंद्रं बऱ्याच तालुक्यांत. ही पदवी स्पर्धा परीक्षेला चालते. ‘मुक्तची’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

माझ्या सुनेनं लग्नामुळे बारावीनंतर सोडलं. आता चोविसावं लागलं. तिला घेतील का?

घेतील. पदवीला वयाची अट आड येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची मार्कशीट आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला लागेल. त्या नावाच्या कागदावरच जास्त जणी अडतात, म्हणून तो आधी काढा. आणि मुक्त विद्यापीठाची प्रवेशाची तारीख केंद्रावर जाऊन स्वतः विचारा, व्हॉट्सॲपवर आलेली धरून बसू नका.